रविवारचं दुखणं

"वन्सं, थोडे दिवस इंदूअक्कांकडं जाऊन राहाल का?"

शनिवारची संध्याकाळ होती. मी खिडकीशी बसून कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होते. प्रश्न ऐकला आणि सुई बोटात घुसली. मान वर न करताच मी विचारलं, "थोडे म्हणजे किती गं?"

इंदूअक्का म्हणजे माझी थोरली बहीण. उज्ज्वला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विलासची बायको. मेथी निवडायला बसली होती, पण देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात चालली होती.

"मुलं जरा सावरेपर्यंत," ती शेवटी म्हणाली.

"मी काय केलं मुलांना?"

"तुम्ही केलं असं कोण म्हणतंय? विट्याहून आईचा फोन आला होता. ती म्हणाली, घरात तसं माणूस सतत डोळ्यांसमोर असलं की मुलांच्या मनावर परिणाम होतो. आणि उद्या केतकीला बघायला कोणी आलं, तर लोक घराण्याची चौकशी करतातच."

"केतकी नऊ वर्षांची आहे, उज्ज्वला."

"माहितीये मला!" ती एवढ्या जोरात ओरडली की आतून केतकी धावत आली. "काय झालं, आई?" उज्ज्वलानं पदरानं तोंड पुसलं. "काही नाही. कांदा लागला डोळ्याला." समोर मेथी होती. पोरीनं मेथीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप परत गेली.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. पण तो कांदा काही मी विसरले नाही.

'तसं माणूस' म्हणजे मी. का, ते सांगते. लग्न करून मी पाचगणीला गेले होते. तिथला पावसाळा म्हणजे बघायला नको, महिनामहिना कपडे वाळत नाहीत. सासरी मागच्या एका खोलीत कोळशाची शेगडी पेटवून तिच्यावर मोठी टोपली पालथी घालायचे आणि तिच्यावर ओले कपडे पसरायचे. ते काम नव्या सुनेचं. त्या पहिल्याच पावसाळ्यात मी दोनदा बेशुद्ध पडले. दुसऱ्यांदा तर शेगडीशेजारीच. 'थोडक्यात वाचलो, नाहीतर फेफरं येऊन घराला आग लावली असती हिनं,' असं सासूबाई गावभर सांगत फिरल्या. दिवाळीच्या आत मला माहेरी आणून सोडलं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. पुढं आयुष्यात मी एकदाही पडले नाही, पण शिक्का बसला तो बसलाच. आईवडील गेल्यावर विलासकडं राहायला आले, साड्यांना फॉल-पिको करून माझ्यापुरतं मिळवत होते, आणि मुलं तर माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. त्यामुळं उज्ज्वलाचं ते 'थोडे दिवस' माझ्या पार जिव्हारी लागलं.

पण तिचाही जीव टांगणीला होता, हे मला दिसत होतं. कराडातल्या या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही त्या दिवाळीत आलो होतो आणि थंडी सुरू झाल्यापासून मुलांच्या मागं हे लागलं होतं. हे म्हणजे काय, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. आठवडाभर पोरं टुणटुणीत. रविवार उजाडला की सकाळीच दोघांचे चेहरे उतरायचे. सहा वर्षांचा शंतनू "डोकं दुखतंय" म्हणून उलटी करायचा आणि झोपून जायचा. केतकीचं त्याहून वाईट. ती उभ्याउभ्या पांढरीफटक पडायची, पाय लटपटायचे, आणि एकदा तर ती धाडकन पडली, हातपाय वाकडे झाले. दुपार टळली की दोघं परत उड्या मारायला मोकळी!

विलास-उज्ज्वलानं काय काय करून पाहिलं म्हणता! आधी रविवारच्या मटणावर संशय आला. मटण बंद केलं, विलासचं तोंड आठवडाभर एरंडेल प्यायल्यासारखं. फरक शून्य. मग टीव्हीवर आळ आला, टीव्हीवर चादर टाकली. मग शाळेवर. सोमवारची धास्ती घेतात म्हणून मास्तरांना भेटून आले. मास्तर म्हणाले, तुमची केतकी सोमवारी सगळ्यांत आधी येते. मग जंताचं औषध झालं, डोक्याचं तेल बदललं, शिकेकाई बदलली, पाणी उकळून झालं. उज्ज्वला मीठ-मोहऱ्या उतरवायची, तर विलास म्हणायचा, "हे असलं अडाण्यासारखं नको," आणि स्वतःच चपलेचं तोंड दाराकडं आहे का बघून यायचा. दोघं एकमेकांवर खेकसायची. रात्री भांडायची तीसुद्धा कुजबुजत, आणि कुजबुजलेलं भांडण तर जास्तच ऐकू येतं.

शेवटी मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी केतकीच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला, तो ठीक निघाला. पण त्यांनी विचारलं, "घरात कुणाला फिट्सचा त्रास होता का?" विलासनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हो. पण झालं! मुलांचं दुखणं आमच्याकडचं, थोरातांच्या रक्तातलं, म्हणजे माझं, हे त्या क्षणी ठरून गेलं. केतकीला गोळ्या सुरू झाल्या. एवढी चुणचुणीत पोर, पण गोळीनं वर्गात पेंगायला लागली. कबड्डी बंद, सायकल बंद. पाढे म्हणताना मधेच थांबायची आणि "आत्या, कुठं होते मी?" म्हणून विचारायची. मला भडभडून यायचं. देवापुढं बसून मी म्हणायचे, माझं आहे ना, मग मलाच दे की परत, पोरीला कशाला?

तर त्या शनिवारी मी उठले, कपाटातली मोठी पिशवी काढली आणि माझ्या साड्या भरल्या, इंदूअक्काला तसा फोनही केला. "उद्या दुपारच्या गाडीनं जाते," मी म्हणाले. उज्ज्वला म्हणाली, "एवढी घाई नव्हती, वन्सं." मी म्हणाले, "मला आहे." बोलताना आवाज फाटला, त्याचाच जास्त राग आला.

रविवारी सकाळी विलास डोकं शांत करायला म्हणून मंडईत गेला. घरात न्हाण्याची तयारी सुरू झाली. रविवार म्हणजे मुलांचं डोक्यावरून न्हाणं. इतर दिवशी शाळेच्या घाईत दोन तांबे अंगावर ओतून पळायची, पण रविवारी उज्ज्वला तेल चोळून मालिश करायची आणि मग एकेकाला मनसोक्त गरम पाण्याच्या शॉवरखाली सोडायची. फ्लॅट घेतला तेव्हा विलासनं हौसेनं बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवला होता. नळ सोडला की आतली ज्योत भप्पकन पेटायची. मला त्याचा धसकाच होता. मी आपली पातेल्यात पाणी तापवून सकाळीच उरकायची. विलास कावळ्याची आंघोळ करणारा, उज्ज्वलालाही कामापुढं नीट न्हायला सवड नव्हती. गिझरचं खरं सुख ते मुलांचं.

उज्ज्वलाला एकच ध्यास होता, तेल लावलेल्या अंगाला वारा लागता कामा नये. तिच्या आईनं तिला बाळंतपणात तसंच जपलेलं. खोलीत फट ठेवायची नाही, वाफ कोंडली पाहिजे, घाम फुटला पाहिजे, मग कसली सर्दी आणि कसलं काय. म्हणून बाथरूमच्या झडपांच्या खिडकीला तिनं थंडी पडल्यापासून पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारली होती. त्या दिवशी तर दाराखाली जुना टॉवेलसुद्धा कोंबला.

आधी शंतनू न्हाऊन आला. मी त्याचं डोकं पुसायला घेतलं तर म्हणाला, "आत्या, ठणकतंय." झालं, आला रविवार! मी त्याला पांघरूण घालून निजवलं.

उज्ज्वला केतकीला घेऊन दाराशी उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. "डॉक्टरांनी सांगितलंय, हिला एकटीला न्हाणीत सोडायचं नाही," ती म्हणाली. "आजपासून मी आत थांबते. पडलीच तर धरायला मी असेन." माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, कोण जाणे.

"कडी लावू नकोस," मी म्हणाले. रुसले होते तरी तेवढं बोललेच.

"नाही लावत. नुसतं ओढून घेते."

दार बंद झालं. शॉवर सुरू झाला. केतकीचं गाणं ऐकू यायला लागलं, उज्ज्वला मधेच म्हणाली, "कानामागं चोळ गं." मी शंतनूच्या उशाशी बसले. एक डोळा माझ्या पिशवीवर, एक बाथरूमच्या दारावर. पोरानं उलटी केली, मी ती काढली, फरशी पुसली, हात धुतले. आणि मग माझ्या लक्षात आलं की आतून नुसतं पाणीच ऐकू येतंय. गाणं नाही, बोलणं नाही.

"उज्ज्वला?"

पाणी चालूच.

"उज्ज्वला, ओ दे की गं!"

मी दार ढकललं, ते हलेना. कडी नव्हती, पण पलीकडून काहीतरी जड टेकलं होतं. मी खांदा लावला. काय जोर आला अंगात देव जाणे, दार हातभर सरकलं आणि आतली वाफ भसकन तोंडावर आली. उज्ज्वला दाराला पाठ लावून खाली घसरलेली, मान एका बाजूला. तिच्या मांडीवर केतकी. धरायला मी असेन म्हणाली होती ना, तशी पोरीला धरूनच पडली होती.

मी फटीतून आत घुसले, आधी पोरीला ओढलं, मग हिला. दोघींना पॅसेजमध्ये आडवं केलं आणि ओरडले, "अहो, कोण आहे का? या लवकर!" समोरच्या ब्लॉकमधल्या सुलभाताई हातात पिठाची परात घेऊनच धावत आल्या. दोघींना बघितलं आणि परात खाली टाकली.

"अगं बाई! पोरीला आलं ते आलं, हिलाही फेफरं? कांदा आणा, कांदा! हुंगवा दोघींना!"

मी कांद्याला उठलेही. दोन पावलं गेले आणि जागच्या जागी थांबले.

"हिला कसं येईल?" मी म्हणाले.

"काय?"

"हिला कसं येईल हो फेफरं? ही तर विट्याची! आमच्या रक्ताची नाही ही! हिच्यात कुठून आलं थोरातांचं दुखणं?"

सुलभाताई माझ्याकडं वेड लागल्यासारख्या बघायला लागल्या. पण माझ्या डोक्यात सगळं एकदम फिरलं. काल संध्याकाळपर्यंत दोष माझा होता. आणि आज जिच्या सात पिढ्यांत कुणाला शिंकसुद्धा जोरात आली नाही, ती या दारात पोरीसारखीच पांढरी पडली होती. म्हणजे जे काय आहे ते माणसात नाही, त्या खोलीत आहे.

आत पाणी वाहतच होतं आणि गिझरची ज्योत जळत होती. मी श्वास रोखून आत गेले, नळ बंद केला आणि खिडकीचा तो पुठ्ठा ओरबाडून काढला, नखं निघाली तरी सोडला नाही. एवढ्याशा वेळात माझ्याही कपाळात घण बसायला लागले. तो ठणका मला ओळखीचा वाटला, पण तेव्हा विचार करायला सवड कुणाला होती! बाहेर येऊन सगळी दारं-खिडक्या उघडल्या. सुलभाताई वारा घालत होत्या. आधी उज्ज्वलानं डोळे उघडले, भडाभडा उलटी केली आणि विचारलं, "केतकी?" केतकी कण्हली. ते कण्हणं ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं रडले. मला लाज नाही वाटत सांगायला.

विलास मेथी-वांगी घेऊन जिन्यात येत होता तसाच त्याला रिक्षाला पिटाळला. दवाखान्यात तिघांनाही नाकाला प्राणवायू लावला. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी विचारलं, "नेमकं काय झालं, कुठं झालं?" मी गिझर सांगितला, पुठ्ठा सांगितला, टॉवेल सांगितला, आणि दर रविवारचं न्हाणंही सांगितलं. सांगता सांगता माझंच मला दिसायला लागलं. आधी शंतनू न्हायचा, त्याच कोंडलेल्या हवेत मग केतकी. म्हणून तिला जास्त.

"ही फिट नव्हेच," डॉक्टर म्हणाले. "बंद जागेत गॅस जळत राहिला की हवा पुरत नाही. ज्वलन अर्धवट होतं आणि विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, कळतच नाही. मिरजेच्या डॉक्टरांना कुणी बाथरूमबद्दल सांगितलं नसेल, त्यांना कसं कळणार? मी बोलतो त्यांच्याशी. गोळ्या हळूहळू बंद करू, एकदम नाही. आणि आज यांना पाच-दहा मिनिटं उशीर झाला असता, तर..." मग विलासकडं बघून म्हणाले, "पूर्वी थंडीत खोली बंद करून शेगडी पेटवून झोपायचे, आणि सकाळी उठायचेच नाहीत. तेच हे."

विलासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हौसेनं त्यानंच बसवला होता ना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण माझं लक्ष तिथं नव्हतं. शेगडी हा शब्द माझ्या कानात अडकून बसला होता.

उज्ज्वलाच्या अंगावर ओला गाऊन, केतकीला नुसती चादर गुंडाळलेली. विलास कपडे आणायला घरी गेला आणि दाराशी भरलेली पिशवी दिसली ती उचलून घेऊन आला. उज्ज्वलानं उघडली. वर माझी तपकिरी साडी, खाली बाकीच्या साड्या, आईवडिलांचा फोटो, कात्री, रिळं. ती बराच वेळ त्या पिशवीत बघत राहिली.

"अहो, ही वन्संची पिशवी आणलीत," ती म्हणाली.

"मग? दाराशीच होती. अक्का, तू कुठं निघाली होतीस?" त्या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

उज्ज्वलानं माझी तपकिरी साडी नेसली, दुसरी केतकीला गुंडाळली. मग कॉटवर माझ्यासाठी जागा करून म्हणाली, "बसा." मी बसले.

"वन्सं, पाचगणीला तुम्ही दोनदा पडलात. दोन्ही वेळा त्या कपड्यांच्या खोलीतच?"

"हो."

"शेगडी दोन्ही वेळा पेटलेली?"

"पेटलेलीच असायची. पाऊस होता ना."

"आणि खिडकी?"

"धुकं आत येतं म्हणून लावलेली. सासूबाई कडी काढू द्यायच्या नाहीत." आणि मग मला ते कपाळातले घण आठवले, सकाळचे आणि तेव्हाचे, तेच ते. उज्ज्वलानं माझा हात घट्ट धरला. माझ्या मनात आलं, माझ्यानंतर त्या घरात जी आली, तिनंही त्याच खोलीत कपडे वाळवले असतील. देवा, ती नीट असू दे.

संध्याकाळी घरी आलो. विलासनं जोडे न काढताच गिझर भिंतीवरून उतरवायला घेतला. उज्ज्वलानं माझी पिशवी उचलली, माझ्या कपाटाशी बसली आणि एकेक साडी काढून फळीवर ठेवायला लागली. तिला कधीच धड घडी घालता येत नाही. मी बघत राहिले.

"इंदूअक्कांना फोन करायला हवा," ती म्हणाली. "वाट बघत असतील."

"तूच कर," मी म्हणाले. "जा म्हणणारी तू, तर येत नाही म्हणणारीही तूच."

ती उठली, फोनपाशी गेली. मी फॉलची साडी मांडीवर ओढून सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या ओवला जाईना. फोनवर पलीकडून इंदूअक्का काहीतरी विचारत होत्या, त्यांचा आवाज खोलीभर येत होता, का गं, येत का नाही, बरं नाही का शालनला, परत तसं काही झालं का?

"नाही हो, अक्का," उज्ज्वला माझ्याकडं बघत म्हणाली. "वन्सं अगदी ठणठणीत आहेत. त्यांना कधी काही झालंच नव्हतं."